न दुखणारा सुजलेला पाय: मधुमेहातील शार्को फूटचे एक प्रकरण

बधिर झालेल्या पायाची हाडे आणि सांधे न दुखताच मोडत जातात, त्याला शार्को फूट म्हणतात. हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला आपण इथे आप्पा म्हणू.

पार्श्वभूमी

आप्पांचे वय ५८. किराणा मालाचे दुकान, दिवसाचे दहा-अकरा तास गल्ल्यामागे उभे. टाइप टू मधुमेहाला १६ वर्षे झालेली. गोळी एकच, पण तिच्यात औषधे तीन: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन. उपाशीपोटीची शुगर तीन-चार महिन्यांतून एकदा बघायची आणि १६०-१७० आली की 'बरी आहे' म्हणून कागद फाइलला लावायचा, असे चालले होते. दोन वर्षांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, केलेली नव्हती. मोजे काढायला लावून पाय तर कोणीच पाहिले नव्हते.

सांध्यांनी मात्र बरीच आधी खबर दिली होती. उजव्या हाताची अनामिका सकाळी वाकलेलीच राहायची. दुसऱ्या हाताने ती सरळ केली की 'कट्' असा आवाज व्हायचा. भजनात टाळ फार वेळ धरवत नव्हता. पाच महिन्यांपासून उजवा खांदा आखडला होता. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना कोणीतरी मदतीला लागायचे आणि रात्री त्या कुशीवर झोप यायची नाही. नमस्कारातही फरक पडला होता. हात जोडले की बोटांची टोके टेकायची, पण तळवे जुळायचे नाहीत. मधून पेन्सिल जाईल एवढी फट राहायची. हे सगळे वयावर ढकलले गेले.

या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच होते. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षे कोलेजन या प्रथिनाला चिकटत राहते आणि त्याचे धागे एकमेकांत गुंतून ताठ होतात. मग स्नायूबंध, सांध्यांची वेष्टणे, बोटांच्या म्यानातल्या दोऱ्या अशा सगळ्याच ठिकाणची लवचिकता जाते. ज्याचे तळवे जुळत नाहीत त्याच्या टाचेमागचा स्नायूबंधही बहुधा आखडलेला असतो. चालताना घोटा पुरेसा वाकत नाही, आणि टाचेवर यायचा भार पायाच्या मधल्या भागावर आणि चवड्यावर येतो. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात हे त्यात मिळवले की पुढे काय होऊ शकते याचा अंदाज येतो. म्हणून ज्या मधुमेही माणसाचा नमस्कार नीट होत नाही त्याचे पाय त्याच दिवशी तपासावेत, असे आमचे ठाम मत आहे.

त्या वर्षी आप्पा नेहमीप्रमाणे आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले. पंढरपूरपर्यंत साधारण २५० किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. दिवे घाटाची चढण, डांबर, पाऊस, पायात नेहमीची रबरी चप्पल. कुठे पाय मुरगळल्याचे त्यांना आठवत नाही. माळशिरसच्या पुढे 'उजवी चप्पल घट्ट होऊ लागली' एवढेच आठवते.

सात आठवडे कसे गेले

एकादशी करून घरी आल्यावर उजव्या पायाची वरची बाजू लालसर आणि सुजलेली दिसली. दुखत नव्हते, ताप नव्हता, जखम नव्हती.

पहिल्या आठवड्यात कातडीखालचा संसर्ग म्हणून सात दिवस अँटिबायोटिक दिले गेले. सूज किंचित उतरली. त्या काळात आप्पा प्रवासाच्या थकव्याने घरीच आडवे होते, उतार त्याचाच होता. श्रेय गोळ्यांना गेले. दुकानात उभे राहिल्यावर सूज परत आली, म्हणून दुसरे, जरा जड अँटिबायोटिक झाले.

तिसऱ्या आठवड्यात युरिक ॲसिड तपासले, ते ७.४ आले. मग वातरक्त म्हणजे गाऊट ठरले. युरिक ॲसिडची गोळी आणि दुखण्याची गोळी सुरू झाली. ज्याला दुखतच नाही त्याला दुखण्याची गोळी मिळाली. शिवाय क्रिएटिनिन १.४ होते आणि त्या गोळ्या मूत्रपिंडाला सोसणाऱ्या नव्हत्या. गाऊटचा झटका आलेल्या माणसाला पायावर पांघरूण सहन होत नाही, आप्पा तर त्याच पायावर दिवसभर उभे होते. हा विरोधाभास दिसायला हवा होता.

पाचव्या आठवड्यात एक्स-रे झाला, तोही झोपवून काढलेला. हाड मोडलेले नाही, असा अहवाल आला. क्रेप बँडेज बांधले आणि 'थोडे चालत राहा, सूज ओसरेल' असा सल्ला मिळाला. या प्रकरणात सर्वांत महागात पडला तो हा सल्ला.

सातव्या आठवड्यात सूनबाईंच्या लक्षात आले की ओल्या पायाने आप्पा चालले की फरशीवर उजव्या पायाचा ठसा मधे भरीव उमटतो, आणि डाव्याचा कमानीपाशी कोरलेला असतो. पायऱ्या उतरताना आतून 'करकर' ऐकू यायची. तेव्हा मुलाने त्यांना मधुमेही पायांची तपासणी होते अशा ठिकाणी आणले.

तपासणीत काय दिसले

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श तपासण्याचा नायलॉनचा धागा, तळपायावरच्या दहापैकी सात ठिकाणी जाणवला नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर लागत नव्हता. बायोथेसिओमीटरवर कंपन ४२ व्होल्टला कळले. २५ च्या वर गेले की पाय धोक्यात मानतात. घोट्याचे रिफ्लेक्स गेलेले होते. पायाच्या दोन्ही धमन्या मात्र बोटाखाली ठणठणीत उडत होत्या. शार्कोमध्ये असेच अपेक्षित असते. रक्तपुरवठा तोकडा असलेला पाय सहसा असा लाल आणि गरम होत नाही.

मग दोन्ही पाय उघडे ठेवून आप्पांना पंधरा मिनिटे शांत बसवले आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पायांवर त्याच त्या जागी तापमान घेतले. पायाच्या मधल्या भागावर उजवीकडे ३४.६ अंश सेल्सिअस, डावीकडे ३०.९. फरक ३.७ अंशांचा. २ अंशांच्या वर फरक असला की आत काहीतरी चालू आहे असे समजून चालायचे.

नंतर त्यांना आडवे करून उजवा पाय उशांवर उंच ठेवला. दहा मिनिटांत लाली बरीच फिकी पडली. संसर्गाची लाली पाय वर केल्याने अशी जात नाही. ही चाचणी एकटी निर्णायक नाही, पण खर्च शून्य आणि कुठल्याही दवाखान्यात करण्याजोगी आहे.

पांढऱ्या पेशी ८,२००. रक्तातला दाह दाखवणारे सीआरपी ९, म्हणजे थोडेसेच वाढलेले. एचबीएवनसी ९.४. बी-१२ कमी होते. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी आढळते आणि बधिरपणात त्याची भर पडते. ड जीवनसत्त्व १४. उभे करून, पायावर भार देऊन एक्स-रे काढला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पायाच्या मधल्या हाडांचा आणि चवड्याच्या हाडांचा सांधा सरकला होता, कडांचे तुकडे पडले होते, कमान बसली होती आणि क्युबॉइड नावाचे बाहेरच्या बाजूचे हाड तळव्याकडे उतरू लागले होते. पाचव्या आठवड्यातला एक्स-रे शेजारी ठेवून पाहिला. दुसऱ्या बोटाच्या हाडाच्या मुळाशी एक-दोन मिलिमीटरची फट त्यातही होती. झोपवून काढल्यामुळे ती उठून दिसली नव्हती.

पायात नेमके काय घडत होते

सांध्यांचा हा नाश फ्रेंच मज्जातज्ज्ञ जाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये उपदंशाने मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांत वर्णिला. मधुमेहाशी त्याचे नाते १९३६ मध्ये नोंदले गेले. आज मधुमेह हेच त्याचे मुख्य कारण आहे.

बधिर पायाला बारीक इजा होते आणि ती कळत नाही. माणूस चालत राहतो. इजेच्या जागी दाह होतो, हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, हाड मऊ पडते. मऊ हाडावर पुन्हा भार आला की पुन्हा इजा होते. ज्याच्या पायात संवेदना आहे तो दुसऱ्या पावलालाच लंगडायला लागतो आणि हे चक्र तिथेच थांबते. बधिर पायात ते थांबवणारे आतून कोणी नसते. ते बाहेरून, प्लास्टरने थांबवावे लागते.

पहिला निर्णय: संसर्ग की शार्को

संसर्ग समजून शार्कोला चालू दिले तर हाडांचा चुरा होतो. शार्को समजून संसर्गावर प्लास्टर चढवले तर आत पू साठून पाय जाऊ शकतो. त्यामुळे इथे घाई करून चालत नाही, पण दिवसही घालवता येत नाहीत.

हाडाचा संसर्ग मधुमेही पायात बहुतेक वेळा जखमेतूनच आत शिरतो. आप्पांच्या बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा भिंगाने पाहिल्या. कातडी कुठेही फाटलेली नव्हती. ताप नाही, पांढऱ्या पेशी सामान्य, शुगर अचानक चढलेली नाही. पोटरीची डॉप्लर सोनोग्राफी करून शिरेतली गुठळी नसल्याची खात्री केली. एमआरआय करायचा का, यावर चर्चा झाली. एक्स-रे सामान्य असता तर तो लगेच करायला हवा होता. इथे एक्स-रेच बोलत होता, म्हणून तो खर्च टाळला. अँटिबायोटिक, युरिक ॲसिडची आणि दुखण्याची गोळी त्याच दिवशी बंद केली.

दुसरा निर्णय: प्लास्टर की बूट

पर्याय तीन होते. काढता येणारा गुडघ्यापर्यंतचा वॉकर बूट. तोच बूट वरून फायबरग्लासची एक पट्टी गुंडाळून न काढता येणारा केलेला. किंवा टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाच्या प्रत्येक वळणाला चिकटून बसणारे प्लास्टर.

घरच्यांचा ओढा काढता येणाऱ्या बुटाकडे होता. अंघोळीला सोपे, पूजेला बसता येते. पण ज्याला दुखत नाही तो रात्री संडासला उठताना बूट घालत नाही, आणि तेवढी दहा पावले रोज मोडलेल्या जागेवर पडतात. आप्पांनी विचारलेच, "डॉक्टर, दुखत तर काहीच नाही, मग प्लास्टर कशाला?" उत्तर म्हणून त्यांच्या मंडळींना आपल्या हाताची उलटी बाजू आधी डाव्या आणि मग उजव्या पायावर ठेवायला सांगितले. त्यांनी हात झटकन उचलला. "अहो, हा तर तव्यासारखा तापलाय." नंतर आप्पांनी स्वतः हात लावून पाहिला. प्लास्टरचा प्रश्न तिथे मिटला. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हा स्पर्श जास्त काम करतो.

टोटल कॉन्टॅक्ट कास्टची आपल्याकडे जुनी ओळख आहे. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवरच्या जखमांसाठी हे तंत्र भारतात वापरले गेले. वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून ते मधुमेही पायांकडे वळले. बधिर पायाचे बरेचसे शहाणपण आपल्याला कुष्ठरोगाने शिकवले आहे.

प्लास्टर घालताना आप्पांना पालथे झोपवले, गुडघा ९० अंशांत आणि घोटाही ९० अंशांत ठेवला. बोटांच्या बेचक्यांत कापूस, वर सुरकुती न पडू देता स्टॉकिनेट म्हणजे मोज्यासारखे विणलेले कापड, घोट्याच्या दोन्ही हाडांवर आणि नडगीच्या धारेवर फेल्टच्या पट्ट्या. कापसाचा थर मुद्दाम पातळ, कारण जाड थर दबला की आत पाय हलतो आणि घासतो. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पहिला थर तळहाताने चोळून पायाच्या आकाराला बसवला. बोटाच्या टोकाने कुठेही दाबायचे नाही. तो खळगा आतून कातडीवर टोचत राहतो आणि बधिर माणसाला कळत नाही. मग फायबरग्लासचे थर. पहिले दोन दिवस अजिबात भार नाही.

पहिले प्लास्टर चार दिवसांनी बदलले. सूज झपाट्याने उतरते आणि पहिले प्लास्टर सैल होते. ते पंधरा दिवस तसेच ठेवले तर त्यानेच जखम होते. नंतर दर आठवड्याला, आणि दोन महिन्यांनंतर दर दहा-बारा दिवसांनी बदल. घरच्यांना लिहून दिले: वास, डाग, ताप, बोटांचा रंग बदलणे, प्लास्टर आत खालीवर होणे किंवा कारणाशिवाय शुगर चढणे, यातले एकही दिसले तर त्याच दिवशी यायचे, रविवार असला तरी.

कुबड्या जमल्या नाहीत. आखडलेला खांदा आणि ताठ बोटे घेऊन कुबड्यांवर तोल सांभाळणे म्हणजे पडण्याची तयारी. म्हणून कोपरापासूनचा हात टेकवता येईल असा वॉकर आणि लांब पल्ल्याला व्हीलचेअर घेतली. घरात पलंग खालच्या खोलीत आणला, भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवली. खांद्याची तपासणी इथे उपयोगी पडली. तो आधी पाहिला नसता तर कुबड्या देऊन मोकळे झालो असतो.

तिसरा निर्णय: काय करायचे नाही

शस्त्रक्रियेने हाडे जागेवर आणावीत का, असे मुलाने विचारले. हाडे मऊ आणि दाहात असताना स्क्रू धरत नाहीत. पाय जमिनीवर सपाट टेकत होता, जखम नव्हती, सांधा अगदीच खिळखिळा नव्हता. म्हणून ते टाळले. हाडे टिकवण्याची इंजेक्शने म्हणून बिस्फॉस्फोनेटचे नाव निघाले होते, पण शार्कोत त्याने फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही आणि मूत्रपिंडही काठावर होते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि बी-१२ मात्र भरून काढले.

पायोग्लिटाझोन असलेली गोळी बंद केली. ते अंगात पाणी धरते आणि हाडांनाही मानवत नाही. तीन औषधांच्या एका गोळीत ते आहे हे आप्पांना माहीत असण्याचे कारण नव्हते. रात्रीचे इन्सुलिन सुरू केले आणि शुगर हळूहळू खाली आणली. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे मध्यम बदल होते. अशा वेळी शुगर एकदम खाली खेचली तर डोळे आणि नसा दोन्ही काही काळ बिघडू शकतात.

खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे का, हाही प्रश्न होता. त्याने शुगर काही दिवस चढते. एचबीएवनसी ९.४ असताना ते लांबणीवर टाकले, लोलकासारखे हात झुलवणे आणि भिंतीवर बोटे चढवणे एवढे व्यायाम दिले. चौथ्या महिन्यात शुगर आवाक्यात आल्यावर इंजेक्शन दिले. पाच दिवस शुगर २५०-२८० पर्यंत गेली, आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे इन्सुलिन वाढवले, आणि रात्रीची झोप परत आली.

नवव्या आठवड्यातली चूक

पहिल्या भेटीत फरक ३.७ होता. चौथ्या आठवड्यात उजवा ३३.४, डावा ३०.८, म्हणजे फरक २.६. नवव्या आठवड्यात फरक फक्त अर्धा अंश निघाला. नोंदवहीत 'फरक ०.५, उत्तम' असे लिहिलेही गेले, आणि प्लास्टर लवकर काढण्याची भाषा सुरू झाली.

सुदैवाने नुसता फरक न लिहिता आकडेही लिहिले होते. उजवा ३३.१ होता, म्हणजे जवळपास तिथेच. डावा मात्र ३०.८ वरून ३२.६ वर चढला होता. दोन्ही गुडघ्यांचे तापमान आधीएवढेच होते, त्यामुळे हवामानावर खापर फोडता येत नव्हते. उजवा निवला नव्हता, डावा तापला होता.

खोदून विचारल्यावर कळले. दिवाळीच्या आधीचे चार दिवस, सामानाच्या याद्या घेऊन गिऱ्हाइकांची रांग, आणि आप्पा डाव्या पायावर भार देऊन गल्ल्याला उभे. त्यात प्लास्टरची बाजू जवळपास तीन सेंटिमीटर उंच आणि डावी चप्पल नेहमीचीच, त्यामुळे प्रत्येक पावलाला सगळे अंग डावीकडे आदळत होते. डाव्या चपलेला उंची द्यायला हवी होती, ती पहिल्या दिवशी दिली गेली नाही. ही चूक उपचार करणाऱ्यांचीच.

डाव्या पायाचा एक्स-रे सामान्य आला, पण यावेळी तिथे थांबलो नाही. एमआरआयमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांच्या हाडांच्या मुळाशी, हाडाच्या आतल्या मज्जेत सूज दिसली, हाड मोडलेले नव्हते. दोन्ही पायांना प्लास्टर घातले तर हालचालच थांबणार आणि पडण्याचा धोका वाढणार, म्हणून डाव्याला गुडघ्यापर्यंतचा बूट आणि सहा आठवडे व्हीलचेअर ठरली. दुकान पुतण्याने सांभाळले. आप्पा हिशेबाला बसत, पण पाय स्टुलावर वर ठेवून. सहा आठवड्यांनी डावा ३०.९ वर आला.

परिणाम

२४ व्या आठवड्यात लागोपाठ तीन भेटींत फरक २ अंशांच्या आत राहिला, सूज नव्हती, आणि एक्स-रेत तुकडे एकमेकांना सांधून कडा गोलसर झाल्या होत्या. तिन्ही गोष्टी जुळल्यावरच प्लास्टर काढले. यातल्या एकीवर विसंबून काढणे, हे रोग उलटण्याचे नेहमीचे कारण आहे.

त्यानंतर आठ आठवडे काढता येणारा बूट. पहिल्या आठवड्यात दिवसाला पंधरा मिनिटे उभे राहणे, मग दर आठवड्याला थोडी वाढ. रोज रात्री सूनबाई दोन्ही पायांवर ठरलेल्या सहा जागी तापमान घेऊन दुकानाच्याच वहीत लिहायच्या. सलग दोन दिवस २ अंशांच्या वर फरक दिसला तर चालणे बंद करून फोन करायचा, असे ठरले होते. एकदा, तिसऱ्या आठवड्यात, तसे झाले. आठ दिवस विश्रांती घेतल्यावर ते निवले.

मग मापाचे बूट झाले: जास्त खोलीचे, आत एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ, बाहेरून पुढे गोल केलेला कडक सोल, म्हणजे पाऊल मधे वाकत नाही, लोळत पुढे जाते. अकराव्या महिन्यात क्युबॉइडच्या खाली घट्टा दिसला. तो तासला आणि आतल्या तळात तेवढ्या जागी खळगा करून घेतला. जखम झाली नाही. एचबीएवनसी नवव्या महिन्यात ७.४ होती.

वर्षभराने दोन्ही पायांचे उभे एक्स-रे शेजारी लावले. माणूस तोच, शुगर तीच, नसा दोन्हीकडे सारख्याच बधिर. डाव्या पायाची कमान शाबूत आहे. उजव्याची कायमची गेली आणि क्युबॉइड तळव्यात उतरून राहिले. डाव्या पायाला तापल्याबरोबर विश्रांती मिळाली, उजव्याला सात आठवड्यांनी.

काय वेगळे करता आले असते

पहिल्याच दिवशी चार गोष्टी पाहायला हव्या होत्या: पाय बधिर आहे का, कातडी शाबूत आहे का, दोन्ही पायांच्या तापमानात किती फरक आहे, आणि पाय वर केल्यावर लाली जाते का. या चौघींना पाच रुपयांचाही खर्च नाही. मोनोफिलामेंट नसेल तर डोळे मिटायला सांगून बोटांच्या टोकांना हलका स्पर्श करून पाहावे. बधिर, गरम, सुजलेला आणि जखम नसलेला पाय दिसला की दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो शार्को धरावा आणि त्याच दिवशी भार बंद करावा. प्लास्टर घालणारे जवळ नसेल तर गुडघ्याखालचा साधा स्लॅब, म्हणजे एका बाजूने बांधलेली प्लास्टरची पट्टी, घालून व्हीलचेअरवर पाठवावे. एक्स-रेची वाट पाहू नये, आणि एक्स-रे सामान्य आला म्हणून चालायला तर मुळीच लावू नये.

युरिक ॲसिडचा वाढलेला आकडा गाऊट सिद्ध करत नाही. मूत्रपिंड थोडे मंदावलेल्या मधुमेही माणसात तो आकडा तसाही वाढलेला सापडतो.

प्लास्टर घातले त्याच दिवशी दुसऱ्या चपलेला उंची द्यावी. नोंदवहीत फरकाचा एकच रकाना न ठेवता डावा, उजवा आणि दोन्ही गुडघे असे चार रकाने ठेवावेत. सणासुदीच्या आधीच्या आठवड्यात दुकानदार, पुजारी, शेतकरी अशांना तपासणीला एकदा जास्तीचे बोलवावे. कामाचा रेटा कधी येणार हे त्यांना विचारले की ते सांगतात.

आणि वारीच्या बाबतीत. प्रस्थानाच्या महिनाभर आधी प्रत्येक मधुमेही वारकऱ्याचे पाय तपासून घ्यावेत. ज्याला मोनोफिलामेंट लागत नाही त्याने वाहनाने मुक्कामी जावे किंवा निदान योग्य बुटांशिवाय निघू नये. वाटेवर मुक्कामा-मुक्कामाला वारकऱ्यांचे पाय दाबून देणारे, तेल लावणारे सेवेकरी असतात. दोन्ही पाय एकाच वेळी त्यांच्या हातात असतात. तेल लावण्याआधी दोन्ही पायांवर हात ठेवून एक दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का एवढे त्यांनी पाहावे, आणि लागला तर तो पाय न चोळता, गरम पाण्यात न बुडवता, त्या वारकऱ्याला तिथूनच गाडीत बसवून दवाखान्यात पाठवावे.